हँडहेल्ड रेडिओत चर्पने चॅनेल भरताना कुठे अडतं आणि ते कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाओफेंग यूव्ही-५आर, बाजारातली दोन पिनांची यूएसबी केबल, विंडोज ११ आणि चर्प, म्हणजे संगणकावरून रेडिओत चॅनेल भरायचं मोफत सॉफ्टवेअर. कधी 'रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड' येतं, कधी पोर्टच दिसत नाही. एकदा कसंबसं जमलं तेव्हा मित्राच्या रेडिओची फाइल टाकली. आता रिपीटर (आपलं बोलणं ऐकून ते दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवणारं केंद्र) ऐकू येतो, पण आपण बोललं की उघडत नाही, आणि दोन चॅनेलांवर तर चिडीचूप शांतता आहे.

या एका तक्रारीत निदान तीन वेगवेगळे दोष मिसळलेत, आणि तुम्ही तिन्हींवर एकदम उपाय करताय. आधी ते वेगळे करू. रेडिओ आणि संगणक यांच्यातला दुवा ही एक गोष्ट. चॅनेलमध्ये भरलेली माहिती बरोबर आहे का, ही दुसरी. या दोहोंच्या मधली रेघ एकच: चर्पमध्ये 'डाउनलोड फ्रॉम रेडिओ' पूर्ण होतं का? ते एकदा जरी शेवटपर्यंत झालं, तर केबल, ड्रायव्हर, पोर्ट आणि मॉडेल चारही मुळात ठीक आहेत. त्यानंतर रिपीटर उघडत नाही म्हणून ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यात काहीही अर्थ नाही. बहुतेकांची आख्खी संध्याकाळ नेमकी तिथेच जाते.

वाचनच होत नसेल तर चर्प कोणता संदेश देतो तो शब्दशः वाचा. 'चालत नाही' एवढ्यावर कुणीही मदत करू शकणार नाही. पोर्ट सापडत नाही असा संदेश असेल तर विंडोजला केबल दिसलेली नाही किंवा कॉम क्रमांक (विंडोजने पोर्टला दिलेलं नाव, जसं कॉम ३) बदलला आहे. 'परमिशन' किंवा 'अॅक्सेस डिनाइड' असेल तर पोर्ट आहे, पण दुसरा प्रोग्रॅम तो धरून बसलाय: चर्पचीच दुसरी खिडकी, बाओफेंगचं स्वतःचं सॉफ्टवेअर, किंवा आर्डुइनोचा सिरियल मॉनिटर. 'रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड' म्हणजे पोर्ट उघडला, बाइट गेले, पण पलीकडून उत्तर नाही. आणि ओळख पटली नाही अशा अर्थाचा संदेश म्हणजे रेडिओ बोलला, पण तुम्ही निवडलेलं मॉडेल चुकलं. चारही वेळा दुरुस्तीची जागा वेगळी आहे.

उत्तर येत नाही, हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्यात पहिला संशय प्लगवर घ्या. यूव्ही-५आरच्या बाजूला रबरी झाकणाखाली दोन भोकं असतात, एक २.५ मिमीचं आणि एक ३.५ मिमीचं. स्वस्त केबलींच्या प्लगभोवतीचं प्लास्टिक रेडिओच्या कडेला अडतं आणि प्लग शेवटचा एक-दीड मिलिमीटर आत जातच नाही. हाताला वाटतं बसला, पण आडव्या उजेडात धरून पाहिलं तर फट दिसते. झाकण पूर्ण मागे वळवा, प्लग सरळ धरून जोर लावा, 'टक्' असं जाणवायला हवं. तरी अडत असेल तर ब्लेडने त्या प्लास्टिकची कड किंचित तासा. केबल घालताच रेडिओचा लाल दिवा लागून तो आपोआप ट्रान्समिट करू लागला, तर तेही अर्धवट बसलेल्या प्लगचंच लक्षण आहे, कारण पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) आणि डेटा याच दोन प्लगांतून जातात. लगेच केबल काढा.

प्लग बसल्यावर रेडिओ अशा चॅनेलवर ठेवा जिथे कुणी बोलत नाही. त्याच जोडणीतून स्पीकरचा आवाजही जातो, आणि मध्येच कुणी बोललं तर वाचन तुटतं. बॅटरी भरलेली ठेवा. वाचताना यूव्ही-५आर ६४ बाइटांचे तुकडे देतो, लिहिताना मात्र १६-१६ बाइटांचे तुकडे घेतो आणि प्रत्येकाला पोच देतो. म्हणून लिहायला जास्त वेळ लागतो, आणि सैल प्लग असेल तर वाचन पार पडून लेखन अर्ध्यात तुटतं. तसं झालं की रेडिओ बिघडला असं समजू नका. प्लग नीट बसवून, रेडिओ बंद-चालू करून तीच फाइल पुन्हा लिहा.

आता केबलीतली चिप. स्वस्त केबलींत अनेकदा प्रॉलिफिकच्या पीएल२३०३ चिपची नक्कल असते किंवा तिची जुनी, बंद झालेली आवृत्ती असते. प्रॉलिफिकचा नवा ड्रायव्हर या चिपा ओळखतो आणि चालवायला नकार देतो. डिव्हाइस मॅनेजर उघडून 'पोर्ट्स' खाली पाहा. पिवळा त्रिकोण आणि 'कोड १०' दिसला, किंवा यंत्राच्या नावाच्या जागी 'पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२' असं वाक्यच लिहिलेलं दिसलं, तर दोष इथेच आहे. उपाय जुना ड्रायव्हर: आवृत्ती ३.३.२.१०५ किंवा ३.२.०.०. तो बसवल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टवर राइट-क्लिक करा, 'अपडेट ड्रायव्हर', मग संगणकावरच शोधायचा पर्याय, मग यादीतून निवडायचा पर्याय, आणि यादीतली जुनी आवृत्ती निवडा. नुसता इन्स्टॉलर चालवून भागत नाही. नवी आवृत्ती संगणकात असेल तर विंडोज तीच उचलतो. पुढे एखाद्या विंडोज अपडेटनंतर 'कालपर्यंत चालत होतं' अशी वेळ आली तर पुन्हा इथेच येऊन पाहा.

माझं स्पष्ट मत असं की हा ड्रायव्हरचा खेळ एकदाच खेळावा, तोही हातात दुसरी केबल नसेल तरच. अस्सल एफटीडीआय चिपची केबल सर्वांत निर्धोक. नकली एफटीडीआयपासून मात्र सावध राहा. २०१४ मध्ये त्या कंपनीच्या एका विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा उत्पादन-क्रमांकच शून्य करून टाकला होता आणि त्या संगणकाला दिसेनाशा झाल्या होत्या. सीएच३४० चिपची केबल स्वस्त असूनही या भानगडीत पडत नाही. विकत घेताना विक्रेत्याला चिप कोणती ते विचारा, 'प्रोग्रामिंग केबल' एवढ्यावर जाऊ नका.

कॉम क्रमांकाचं एक लक्षात ठेवा. अशा बहुतेक चिपांत स्वतःचा अनुक्रमांक नसतो, म्हणून विंडोज त्यांना सॉकेटवरून ओळखतो. डावीकडच्या सॉकेटमध्ये कॉम ३ होता तो उजवीकडे कॉम ५ होतो आणि चर्प जुनाच पोर्ट दाखवत राहतो. डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवून केबल काढा आणि घाला. जी ओळ नाहीशी होऊन परत येते तो तुमचा पोर्ट. ब्लूटूथचेही दोन-तीन कॉम पोर्ट तिथे असतात, त्यांतला एखादा चुकून निवडला जाणं नेहमीचं आहे.

लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, पण दोन गोष्टी आडव्या येतात. पोर्ट उघडायची परवानगी नसेल तर तुमचं खातं डायलआउट गटात घाला आणि मग पूर्ण लॉगआउट करून पुन्हा आत या. नुसतं टर्मिनल बंद करून चालत नाही. दुसरी गोष्ट उबुंटू २२.०४ वरची: ब्रेल पडद्यांसाठी असलेली बीआरएलटीटीवाय ही सेवा सीएच३४० चिपला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेते. लक्षण ठसठशीत आहे. केबल घातली की कर्नलच्या नोंदीत यूएसबी० पोर्ट जोडल्याचं दिसतं आणि पुढच्याच क्षणी तो तुटल्याचं. घरात कुणी ब्रेल पडदा वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाका. मॅकवर पोर्टच्या यादीत एकच पोर्ट दोन नावांनी दिसतो, त्यांतलं 'सीयू' ने सुरू होणारं निवडा.

मॉडेलची निवड. 'यूव्ही-५आर' या नावाखाली आता आतून अगदी वेगळे रेडिओ विकले जातात. मिनी, प्रो, प्लस असे शेपटीचे शब्द बघून चर्पच्या यादीतलं नेमकं मॉडेल निवडा. जुन्या यूव्ही-५आरमध्ये ३ चं बटण दाबून रेडिओ चालू केला की फर्मवेअरची (रेडिओच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती पडद्यावर येते. मात्र नंतरच्या अनेक रेडिओंत तिथे ठरावीक 'बीएफबी२९७' एवढंच दिसतं, खरी आवृत्ती नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. चर्प वाचन करतो तेव्हा त्याला जे सापडतं तेच खरं. आणि चर्पची प्रत नवी हवी. २०२२ पर्यंतच्या जुन्या आवृत्त्या अजूनही पेनड्राइव्हवरून एकमेकांना दिल्या जातात, त्यांत गेल्या काही वर्षांतली मॉडेलं नाहीतच.

क्वानशेंग यूव्ही-के५ असेल तर केबल हीच चालते. मूळ मॉडेलचं यूएसबी-सी भोक फक्त चार्जिंगचं आहे, त्यातून प्रोग्रामिंग होत नाही, आणि कितीतरी जण तिथेच डोकं आपटत बसतात. त्यावर बदललेलं फर्मवेअर टाकलं असेल तर चर्पमध्येही त्या फर्मवेअरसाठी बनवलेलं मॉड्यूल लागतं, कारण रेडिओच्या मेमरीतली मांडणी बदललेली असते. मूळ मॉड्यूलने लिहिलंत तर सेटिंग भलत्याच जागी पडतात. फर्मवेअर टाकण्याआधी त्या रेडिओचं कॅलिब्रेशन (कारखान्यात केलेली जुळणी) वेगळं वाचून जपून ठेवा; ते प्रत्येक रेडिओचं स्वतःचं असतं.

यासूच्या एफटी-६० ची तऱ्हा उलटी. तिथे संगणक रेडिओला जागं करत नाही, तुम्हालाच त्याला क्लोन मोडमध्ये (माहितीची देवघेव करायच्या अवस्थेत) न्यावं लागतं: रेडिओ बंद करा, मोनी बटण दाबून ठेवून चालू करा, चकती फिरवून 'एफ८ क्लोन' आणा, एफ/डब्ल्यू दाबा. संगणकात वाचायचं असेल तर आधी चर्पमध्ये ओके करा आणि मग रेडिओचं पीटीटी दाबा. रेडिओत लिहायचं असेल तर आधी मोनी दाबून पडद्यावर 'आरएक्स' आणा आणि मग चर्पमध्ये ओके. क्रम चुकला की काहीच होत नाही, आणि दोष बिचाऱ्या केबलवर जातो.

वाचन झालं. आता काहीही बदलण्याआधी वाचलेली प्रतिमा-फाइल, म्हणजे रेडिओतल्या माहितीची नक्कल, जशीच्या तशी साठवा. नावात मॉडेल आणि तारीख घाला आणि तिला पुन्हा हात लावू नका. ही तुमची परतीची वाट आहे. पुढचे सगळे बदल तिच्या प्रतीवर करा.

मित्राची फाइल थेट रेडिओत लिहिणं, हे मात्र करायलाच नको होतं. त्या फाइलीत फक्त चॅनेल नसतात. बँडच्या मर्यादा, पडद्याची सेटिंग, फर्मवेअरशी बांधलेले इतर भागही असतात. फर्मवेअर जुळत नसेल तर चर्प बहुतेक वेळा लेखन अडवतो, आणि तो अडवतोय म्हणजे तुमच्या भल्यासाठीच. त्याला वळसा घालायच्या वाटा शोधू नका. योग्य रीत सोपी आहे. तुमच्या रेडिओतून वाचलेली फाइल एका टॅबमध्ये उघडा, मित्राची दुसऱ्या टॅबमध्ये, तिथल्या हव्या त्या ओळी निवडून कॉपी करा, तुमच्या टॅबमध्ये पेस्ट करा, आणि तुमची फाइल तुमच्या रेडिओत लिहा. चॅनेल येतात, बाकी काही येत नाही. तुमच्याकडे पहिल्या वाचनाची फाइल असेल तर तीच आधी परत लिहून रेडिओ मूळ स्थितीला आणा. रेडिओचा मेनू ४० मधला रीसेट 'ऑल' हा शेवटचा उपाय. त्यात सगळे चॅनेल पुसले जातात आणि बऱ्याच रेडिओंत आवाजाची भाषा चिनीवर जाते. ती मेनू १४ मधून परत इंग्रजी करता येते.

एक्सेलमधून यादी बनवणाऱ्यांसाठी एक सूचना. चॅनेलचं नाव '१२-३' अशा धर्तीचं दिलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतो, आणि रेडिओत ते काहीतरी भलतंच होऊन उमटतं. त्या रकान्याचा प्रकार आधी 'टेक्स्ट' करा, मग टंका. यूव्ही-५आरमध्ये नाव सात अक्षरांपर्यंत मावतं, देवनागरी चालत नाही, आणि हे नाव रेडिओच्या बटणांवरून देता येत नाही, फक्त संगणकावरून. नाव देऊनही पडद्यावर आकडेच दिसत असतील तर मेनू २१ मध्ये वरच्या ओळीसाठी आणि २२ मध्ये खालच्या ओळीसाठी 'नेम' निवडा.

लिहून झालं, तरी नवे चॅनेल दिसतच नाहीत? आधी पाहा की 'अपलोड टू रेडिओ' च केलंय ना. चर्पमधली दिशा संगणकाच्या बाजूने आहे: डाउनलोड म्हणजे रेडिओतून संगणकात. डाउनलोड दाबलं की जुनीच माहिती नव्या टॅबमध्ये येते आणि वाटतं की बदल पुसले गेले. मग व्हीएफओ/एमआर बटणाने चॅनेल मोडमध्ये जा. फ्रिक्वेन्सी मोडमध्ये चॅनेल कधीच दिसणार नाहीत. आणि केबल काढून मगच ऐका, कारण प्लग आत असेपर्यंत रेडिओचा आतला स्पीकर तुटलेला असतो.

आता तुमच्या रिपीटरकडे येऊ. ऐकू येतो पण उघडत नाही, यात तीनच गोष्टी तपासायच्या: शिफ्टची दिशा, शिफ्टचं अंतर आणि टोन. शिफ्ट म्हणजे रिपीटरच्या बोलायच्या आणि ऐकायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक; टोन म्हणजे आवाजाबरोबर जाणारा ठरावीक स्वर, जो मिळाल्याशिवाय समोरचा उघडत नाही. भारतात २ मीटरच्या बँडवर आपल्याला, म्हणजे हॅम (परवानाधारक हौशी) रेडिओवाल्यांना, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ मिळतात आणि रिपीटर साधारणपणे ६०० किलोहर्ट्झ खाली ऐकतात. उदाहरणादाखल, रिपीटर १४५.६५० वर बोलत असेल तर तो १४५.०५० वर ऐकतो. चर्पमध्ये 'फ्रिक्वेन्सी' च्या रकान्यात १४५.६५०, 'ड्युप्लेक्स' मध्ये वजा, 'ऑफसेट' मध्ये ०.६००. ऑफसेट मेगाहर्ट्झमध्ये आहे हे विसरून तिथे ६०० किंवा ६ टाकलं जातं. ६ टाकलंत तर पाठवणी १३९.६५० वर, म्हणजे हॅम बँडच्या बाहेर आणि बेकायदा. तुमच्या फाइलीत हा रकाना सर्वांत आधी बघा. फ्रिक्वेन्सी आणि टोन यांची खातरजमा तो रिपीटर चालवणाऱ्या क्लबकडूनच करा. इंटरनेटवरच्या याद्यांत बंद पडलेले आणि टोन बदललेले रिपीटर वर्षानुवर्षं तसेच राहतात.

टोनच्या रकान्यांवर सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून इथे थोडं थांबू. 'टोन मोड' मध्ये 'टोन' निवडलं तर रेडिओ बोलताना टोन पाठवतो आणि ऐकताना टोनची अट घालत नाही. या मोडमध्ये चर्प 'टोन' रकान्यातला आकडा घेतो. 'टीएसक्यूएल' निवडलं तर पाठवताना आणि ऐकताना, दोन्हीकडे टोन लागतो, आणि आकडा 'टोन स्क्वेल्च' या वेगळ्या रकान्यातून येतो. दोन्ही रकान्यांत न विचारता ८८.५ भरलेलं असतं. म्हणून नेहमीची चूक अशी होते: मोड 'टोन' ठेवला, हवा तो आकडा 'टोन स्क्वेल्च' मध्ये भरला, आणि रेडिओ प्रत्यक्षात ८८.५ पाठवत राहिला. पडद्यावर टोनचं चिन्ह दिसतं, त्यामुळे सगळं बरोबर वाटतं, आणि रिपीटर मात्र ढिम्म.

तुमचे दोन मुके चॅनेल याच्या उलट बाजूचे असावेत. त्यांवर 'टीएसक्यूएल' असेल आणि रिपीटर स्वतः टोन पाठवत नसेल, तर सिग्नल कितीही जोरदार असला तरी स्पीकर उघडणार नाही. ओळखायची खूण: हिरवा दिवा लागतो पण आवाज नाही. मोनी (टोनची अट बाजूला ठेवून ऐकवणारं) बटण दाबून धरलं की बोलणं स्वच्छ ऐकू येतं. तसं झालं तर मोड 'टोन' करा आणि योग्य आकडा 'टोन' रकान्यात हलवा. पाठवायचा टोन एक आणि ऐकायचा दुसरा असेल, किंवा एकीकडे टोन आणि दुसरीकडे डीसीएस कोड (टोनच्या जागी वापरायचा अंकी संकेत), तरच 'क्रॉस' लागतो. हॅम रिपीटरवर तो क्वचितच लागतो. मुद्दाम हवा असल्याशिवाय तिथे हात घालू नका.

टोन खरंच जातोय का, हे अंदाजाने ठरवू नका. दुसरा हँडहेल्ड घ्या, त्यावर रिपीटरची इनपुट फ्रिक्वेन्सी, आपल्या उदाहरणात १४५.०५०, लावा आणि मेनू ११ मध्ये तोच टोन ऐकायची अट म्हणून घाला. आपला रेडिओ लो पॉवरवर ठेवून, दोघांत काही मीटर अंतर ठेवून, वाहिनी मोकळी असल्याची खात्री करून कॉलसाइन (परवान्यावरचं आपलं ओळखचिन्ह) सांगा. दुसरा उघडला तर फ्रिक्वेन्सी आणि टोन दोन्ही बरोबर आहेत, आणि मग दोष अंतर, अँटेना किंवा रिपीटरकडे आहे. उघडला नाही, तर दुसऱ्या रेडिओवरची टोनची अट काढून पुन्हा बोला. आता ऐकू आलं तर फक्त टोन चुकलाय. तरीही नाही आलं तर शिफ्ट. पाच मिनिटांची ही चाचणी शंभर तर्कांपेक्षा बरी.

आवाज पोहोचतो पण अगदी दबका, असं कुणी सांगितलं तर 'मोड' चा रकाना बघा. तिथे एनएफएम (अरुंद एफएम) असेल आणि रिपीटर रुंद एफएमवर असेल तर आवाज दबतो. उलट असेल तर मोठ्याने बोलताना शब्द फाटतात.

ज्यांना संगणकाशिवाय, बटणांवरून चॅनेल भरायचे आहेत त्यांच्यासाठी यूव्ही-५आरचा एक खोडा सांगायलाच हवा. हा रेडिओ भरलेल्या चॅनेलवर पुन्हा साठवलं तर जुनं पुसून नवं लिहीत नाही. तो दुसरी साठवण ही 'पाठवायची फ्रिक्वेन्सी' समजतो. त्यामुळे आधी साठवलेला चॅनेल 'दुरुस्त' करायला गेलात की ऐकायचं जुनंच राहतं आणि पाठवायचं भलतीकडे जातं. मेनू २७ मध्ये क्रमांकाच्या आधी 'सीएच-' दिसत असेल तर तो चॅनेल भरलेला आहे. म्हणून क्रम असा ठेवा: मेनू ७ मधून ड्युअल वॉच (दोन्ही ओळी आळीपाळीने ऐकणं) बंद, फ्रिक्वेन्सी मोड, वरची ओळ. मेनू २८ ने तो चॅनेल पुसा. मेनू २५ मधली शिफ्ट बंद करा, मेनू १३ मध्ये पाठवायचा टोन द्या, मेनू ११ बंद ठेवा. रिपीटरची ऐकायची फ्रिक्वेन्सी टंका आणि मेनू २७ ने साठवा. मग पाठवायची फ्रिक्वेन्सी टंका आणि मेनू २७ ने त्याच क्रमांकावर पुन्हा साठवा. ही दुसरी पायरी राहिली तर चॅनेल सिम्प्लेक्सच (एकाच फ्रिक्वेन्सीवर ऐकणारा-बोलणारा) राहतो. टंकलेली फ्रिक्वेन्सी आपोआप जवळच्या आकड्यावर सरकत असेल तर मेनू १ मधली स्टेप चुकलीय, ती ५ किलोहर्ट्झ करा.

हीच स्टेप आणि हेच टोनचे रकाने नीट समजले की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा रिपीटरही याच रेडिओत भरता येतो, आणि चर्प शिकायला त्याहून चांगला सराव नाही. स्थानक १४५.९९० वर ऐकतं, ६७.० हर्ट्झचा टोन मागतं आणि ४३७.८०० वर बोलतं. अंतर एवढं मोठं असल्याने इथे वजा-अधिक चालत नाही. 'ड्युप्लेक्स' मध्ये 'स्प्लिट' निवडा. मग 'ऑफसेट' च्या रकान्यात अंतर नव्हे तर थेट पाठवायची फ्रिक्वेन्सी, १४५.९९० लिहायची. टोन मोड 'टोन', 'टोन' रकान्यात ६७.०. इथे 'टीएसक्यूएल' ठेवलंत तर स्थानक डोक्यावरून जाईल आणि तुम्हाला चकार शब्द ऐकू येणार नाही.

डॉप्लरमुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगाने फ्रिक्वेन्सी बदलल्यासारखी वाटते त्यामुळे, ४३७ मेगाहर्ट्झवरचा सिग्नल येताना सुमारे १० किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढाच खाली सरकतो. म्हणून एकाऐवजी पाच चॅनेल सलग भरा. ऐकायच्या फ्रिक्वेन्सी अनुक्रमे ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५ आणि ४३७.७९०. पाठवायची पाचही ठिकाणी १४५.९९०, कारण त्या बँडवर सरकणं साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास असतं आणि एफएम तेवढं सांभाळून घेतं. नावं क्रमाने द्या. स्थानक क्षितिजावर आलं की पहिल्या चॅनेलवर सुरुवात करा, आवाज खरखरू लागला की पुढचा. स्क्वेल्च (खरखर गप्प ठेवणारी पातळी) मेनू ० मधून शून्य करा, नाहीतर सुरुवातीचा क्षीण सिग्नल रेडिओ स्वतःच दाबून टाकतो.

यूव्ही-५आर १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ एवढ्या मोठ्या पट्ट्यात ट्रान्समिट करू शकतो, पण हॅम परवान्यावर आपल्याला त्यातलं फक्त १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ वापरता येतं. या बाहेरचा कोणताही चॅनेल रेडिओत असेल, मित्राच्या फाइलीतून आलेला असो वा कुठून, तो एकतर पुसा किंवा त्याच्या 'ड्युप्लेक्स' मध्ये 'ऑफ' करा. मग पीटीटी चुकून दाबलं गेलं तरी पाठवणी होत नाही. पोलीस, रेल्वे, विमानतळ, अग्निशमन यांच्या वाहिन्या या पट्ट्यात आहेत, आणि खिशात बटण दाबलं जाणं ही रोजची गोष्ट आहे. नवा रेडिओ हातात आल्यावर पहिल्या वाचनानंतर लगेच हेच करावं, कारण कारखान्यातून आलेल्या रेडिओत नमुन्याचे चॅनेल भरलेले असतात आणि ते हॅम बँडमध्ये असतीलच असं नाही.

एवढं करूनही अडलं तर पुढच्या प्रश्नात या गोष्टी द्या: रेडिओचं मागच्या लेबलवरचं पूर्ण नाव, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारं चिपचं नाव आणि ड्रायव्हरची आवृत्ती, चर्पची आवृत्ती, संदेशाचं शब्दशः वाक्य, आणि चर्पच्या 'हेल्प' मेनूतून मिळणारी डीबग नोंद. प्रश्न चॅनेलचा असेल तर त्या एका ओळीतले सगळे रकाने, रिकामे असले तरी. डीबग नोंदीत चर्पने कोणते बाइट पाठवले आणि रेडिओकडून काय आलं ते दिसतं. पाठवलेलं दिसतंय आणि आलेलं शून्य आहे, तर मी पुन्हा प्लगकडेच बोट दाखवणार.